व्हिएतनाममधले घर, जूनमधली शाळा

पत्राचा गोषवारा

सोलापुरातील एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या २० वर्षांच्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. घर लिंगायत, शाकाहारी. घरात कन्नड बोलली जाते, शिक्षण मराठी माध्यमात झाले. वडिलांचा शालेय गणवेश शिवण्याचा सहा यंत्रांचा छोटा कारखाना आहे आणि धाकटा भाऊ यंदा बारावीची परीक्षा देतो आहे. महाविद्यालयातील एका माजी विद्यार्थिनीकडून तिला परदेशातील स्वयंसेवेच्या एका कार्यक्रमाची माहिती मिळाली. १ जूनपासून सहा आठवडे व्हिएतनाममधील एका शहरात राहायचे, तेथील शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि मुक्काम एका स्थानिक कुटुंबात करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. संस्थेचे शुल्क १,३५,००० रुपये असून विमानभाडे, व्हिसा आणि विमा धरता खर्च पावणेदोन लाखांच्या पुढे जातो. त्यांपैकी २५,००० रुपये १५ दिवसांत भरायचे आहेत आणि ते परत मिळणार नाहीत.

वडील मुदत ठेव मोडायला तयार आहेत. परक्या देशात, परक्या आणि मांसाहारी घरात मुलगी सहा आठवडे राहणार, ही कल्पनाच आईला सहन होत नाही. पत्रात शेवटी लिहिले आहे, ‘राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस गावात राहून झाडलोट केली, पण मला त्यापेक्षा मोठे काहीतरी करायचे आहे. मी सेवेसाठीच जाते आहे, मौजेसाठी नाही, हे आईला कसे समजावू? आणि वडिलांचे पैसे खर्च करणारी मी स्वार्थी ठरते का?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या भाचीएवढ्या आहात, पण स्वतःलाच असा अवघड प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला ‘तुम्ही’ म्हणणेच मला बरे वाटते.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात आईचा विरोध ठळक दिसला. दुसऱ्या वाचनात मात्र मी एका तारखेपाशी अडखळले. तुमचा कार्यक्रम १ जूनला सुरू होतो आणि त्यात शाळेत शिकवायचे आहे. व्हिएतनाममध्ये शाळांचे वर्ष देशभर ५ सप्टेंबरच्या समारंभाने सुरू होते आणि मेअखेर संपते. आपल्याकडे शाळा उघडण्याची घाई असते, तुमच्या वडिलांच्या कारखान्यात सहाही यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालत असतात, नेमक्या त्या दिवसांत तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. मग १ जूनपासून तुम्ही कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गाला शिकवणार आहात? याचे सरळ उत्तर असूही शकते. सुट्टीतले वर्ग असतील, एखादे बालभवन असेल, किंवा पालकांकडून शुल्क घेऊन चालणारी खासगी इंग्रजी शिकवणी असेल. यांतील शेवटची शक्यता खरी निघाली, तर तुम्ही पैसे भरून एखाद्याच्या व्यवसायात विनावेतन शिक्षिका म्हणून उभ्या राहणार, असा त्याचा अर्थ होतो. तो व्यवसाय वाईटच असेल असे मी म्हणत नाही, पण त्याला ‘सेवा’ म्हणायचे की नाही, हे २५,००० रुपये भरण्यापूर्वी ठरायला हवे. संस्थेला पाठवायचे पहिले पत्र म्हणून एवढा एकच प्रश्न पुरे आहे. शाळेचे नाव, पत्ता, वर्ग, रोजचे तास आणि जूनमध्ये ती शाळा चालू असते याची खात्री लेखी मागा.

आता तुमच्या त्या ‘मोठे काहीतरी’कडे वळते. शिबिरातली झाडलोट लहान आणि परदेशातले शिकवणे मोठे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. मला वाटते, काम लहान की मोठे हे अंतरावर ठरत नाही. ते कोणी मागितले होते आणि ते करणाऱ्याला येत होते का, यावर ठरते. आपल्या सोलापूरकरांना यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. भैय्या चौकाजवळचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक तुम्ही शाळेच्या सहलीत तरी पाहिलेच असेल. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. आपण त्यांच्या त्यागाबद्दल नेहमी ऐकतो, पण मला त्या हकिकतीतल्या तीन साध्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. त्यांना बोलावणे आले होते. युद्धात सापडलेल्या चीनच्या बाजूने भारताकडे डॉक्टरांची मागणी झाली होती. त्यांच्या हातात वैद्यकीचे कौशल्य होते. आणि तिथे पोहोचल्यावर ते चिनी भाषा शिकले, तिथल्या माणसांत मिसळले, लग्न करून तिथलेच झाले आणि १९४२ साली वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. तुम्ही कोटणीस व्हावे असे मला मुळीच सुचवायचे नाही, तुमच्या आईला तर ते अजिबात चालणार नाही. पण बोलावणे, कौशल्य आणि भाषा या तीन कसोट्या सहा आठवड्यांच्या मुक्कामालाही लावून पाहता येतात. तुमच्या पत्रात या तिन्हींचा उल्लेख नाही. तुम्ही यापूर्वी कोणाला इंग्रजी शिकवले आहे का, हेही त्यात नाही.

यावरून तुम्ही जाऊ नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. वीस वर्षांच्या मुलीला दुसरा देश पाहावा, दुसऱ्या घरात राहावे, आपण कोण आहोत हे जरा लांबून बघावे असे वाटणे ही उत्तम इच्छा आहे आणि तिला सेवेचा पदर लावण्याची गरज नाही. आपल्या घरांत मुलींना स्वतःसाठी काही मागण्याची सवय नसते, म्हणून मागणे नेहमी दुसऱ्या कोणाच्या नावाने करावे लागते, कधी शिक्षणाच्या, कधी नोकरीच्या, तर कधी सेवेच्या. ‘मी सेवेसाठी जाते आहे’ हे वाक्य आईसाठी तयार झाले आहे की स्वतःसाठी, ते तुम्हीच तपासा. ‘मला शिकायला जायचे आहे’ असे म्हणालात, तर ‘स्वार्थी’ या शब्दाचा अर्धा डंख तिथेच उतरेल, कारण शिकण्यावर खर्च करणे हे तुमच्या घरात काही पाप मानले जात नसणार. भावाच्या बारावीवर झालेला खर्च हाही शिकण्यावरचाच आहे.

या कार्यक्रमातली शिकण्याची खरी जागा शाळेपेक्षा ते घर आहे, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात जेमतेम दोन ओळी आहेत. यजमान कुटुंब म्हणजे स्वस्तातला लॉज नव्हे, हे तुम्हाला कळते. पण यजमानाच्या बाजूने हा मुक्काम कसा दिसतो, हे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून मी माझ्याच घरातले सांगते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी विद्यार्थी-विनिमयाच्या एका योजनेतून युरोपातली एक मुलगी महिनाभर आमच्याकडे राहायला आली. घर जुन्या वाड्यातले, सासूबाई होत्या, मुले लहान होती. पाणी तेव्हाही काही दिवसांआडच यायचे. पहिल्याच सकाळी तिने केस धुतले आणि अर्धे पिंप रिकामे झाले. आम्ही पाहुणी म्हणून काही बोललो नाही. सासूबाई फक्त पिंपाचे झाकण जरा जोरात लावून आल्या. आपण कोणत्या गोष्टीने सर्वांना नाराज केले, हे तिला चार दिवस कळले नाही. जानेवारी होता, होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला होता. एका संध्याकाळी ती एकटीच तिकडे गेली आणि रात्री अकरा वाजले तरी परतली नाही. मोबाइल नव्हते. वाड्यातले दोघे सायकलवरून शोधायला निघाले, सासूबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. ती आली ती हातात पिपाणी घेऊन, हसत. आम्हा सर्वांचे चेहरे पाहून तिचे हसू मावळले. ‘मला कोणीच वेळ सांगितली नव्हती,’ असे ती म्हणाली, आणि ते खरे होते. तिचे चुकले नव्हते आणि आमचेही चुकले नव्हते. घरातले नियम घरातल्यांना इतके पाठ असतात, की ते सांगावे लागतात हेच आठवत नाही. त्या रात्रीनंतर आम्ही पाणी, परतण्याची वेळ, जेवणाची वेळ, देवघरापाशी चप्पल नको, दुपारी दार लावून घेतले तरी राग येणार नाही, असे सगळे मोडक्यातोडक्या इंग्रजीत एका कागदावर लिहून काढले. तिसऱ्या आठवड्यात ती चुलीपाशी बसून भाकरी थापायला शिकत होती. तिची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तीनदा तुटली आणि सासूबाई महिन्यात पहिल्यांदाच मोकळेपणाने हसल्या.

तुम्ही त्या घरात या मुलीच्या जागी असणार आहात. पहिल्याच संध्याकाळी, संकोच न करता, यजमान स्त्रीला तुम्ही स्वतःहून विचारायचे ते हेच: पाणी आणि वीज कशी वापरायची, रात्री किती वाजेपर्यंत परतायचे, कपडे कोण धुते, स्वयंपाकघरात गेलेले चालते का, कोणत्या खोलीत जायचे नाही, उशीर झाला तर कोणाला कळवायचे. शक्य असेल तर हे प्रश्न निघण्यापूर्वीच पत्राने विचारा.

व्हिएतनामी घर तुम्हाला वाटते तितके परके नाही, असेही मी सांगेन. दारात चपला काढायच्या. जेवण मधोमध मांडलेल्या पदार्थांतून, प्रत्येकाच्या हातात भाताचा वाडगा. विशेषतः उत्तरेकडे धाकट्यांनी थोरांना ‘जेवायला बसा’ असे म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही. भातात काड्या उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, कारण तसे मृतांसमोर उदबत्ती लावल्यासारखे दिसते. आपल्याकडे पानाची बाजू कोणती याबद्दल जसे टोकतात, तसे तिथे यावरून टोकतात. आणि सर्वांत गंमत म्हणजे त्या भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ यांची जागा बहुतेक वेळा नात्याचे शब्द घेतात. समोरची व्यक्ती वयाने कोण लागते हे आधी ठरवायचे आणि मग ताई, काका, आत्या असे म्हणत बोलायचे. तिथली मुले शिक्षिकेला ‘को’ म्हणतात, त्याचा एक अर्थ आत्या. रिक्षावाल्याला मामा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या मुलीला हे शिकायला किती वेळ लागेल? सुरांचे मात्र जपावे लागेल. ‘मा’ हा एकच उच्चार सूर बदलून भूत, आई, घोडा, कबर आणि भाताचे रोप असा काहीही होतो, तेव्हा यजमानीणबाईंना प्रेमाने हाक मारण्यापूर्वी दोनदा सराव करून घ्या.

जेवणाचा प्रश्न आईने काढला, तो खरा आहे. त्याला ‘होईल काहीतरी’ असे म्हणून टाळू नका. तिथल्या स्वयंपाकात माशांपासून केलेले खारे पाणी, म्हणजे नुओक माम, मिठासारखे पडते. दिसायला निव्वळ पालेभाजी असलेल्या ताटलीतही ते असते. पण बौद्ध परंपरेमुळे शाकाहाराला त्या देशात स्वतःचे नाव आणि मान आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक शाकाहार करतात, आणि शाकाहारी खाणावळींच्या पाटीवर ‘चाय’ असे लिहिलेले असते. तिथे ‘चाय’ मागितलीत तर शाकाहारी जेवण मिळेल. चहासाठीच्या ‘त्रा’ या शब्दाचा उच्चार उत्तरेकडे ‘चा’ असा होतो, हे आपल्या ‘चहा’ला जवळचे. म्हणून यजमान कुटुंबाला ‘मी शाकाहारी आहे’ एवढेच सांगू नका, कारण पुष्कळांच्या लेखी मटण नसले की शाकाहार होतो. ‘मांस, मासे, अंडे आणि माशाचे पाणीही नको, दूध चालते’ असे व्हिएतनामी भाषेत लिहून घ्या आणि तो कागद पाकिटात ठेवा. त्याच भांड्यात आधी मांस शिजले असेल तर चालेल का, याचा निर्णय मात्र तुम्हाला घरीच, आईशी बोलून करावा लागेल. तिथे पोहोचल्यावर रोज त्यावरून हिरमुसणे हे तुम्हालाही जड जाईल आणि तुमच्यासाठी वेगळे शिजवणाऱ्या त्या बाईंनाही. स्वतंत्र भांड्याशिवाय तुमच्या घरात चालणारच नसेल, तर यजमान कुटुंबाऐवजी स्वतःचे स्वयंपाकघर असलेला मुक्काम मागा. त्यात कमीपणा काही नाही.

आता आईविषयी. तिला कसे समजावू, असे तुम्ही विचारता. मी उलट विचारते: आईने आतापर्यंत जे विचारले, त्यांतला कोणता प्रश्न चुकीचा आहे? त्या घरात कोण कोण राहते, रात्री मुलीची खोली वेगळी आहे का, आतून कडी लागते का, घरातल्या पुरुष माणसांची कोणी चौकशी केली आहे का, ती आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार, घर पटले नाही तर दुसरे मिळते का. मुक्काम देणारी कोणतीही चांगली संस्था हेच प्रश्न स्वतः विचारते. आईची समजूत काढण्यात हे १५ दिवस घालवू नका. तिचे प्रश्न एका कागदावर उतरवून घ्या आणि संस्थेकडून त्यांची लेखी उत्तरे आणा; मग आई आणि तुम्ही कागदाच्या एकाच बाजूला बसाल. शिवाय पैसे भरण्यापूर्वी यजमान स्त्री आणि आई यांचे दहा मिनिटांचे व्हिडिओवरील बोलणे घडवून आणा. भाषा एकमेकींना कळणार नाही, तुम्ही किंवा संस्थेचा माणूस दुभाष्याचे काम करेल, पण स्वयंपाकघरातून बोलणारी एक बाई दुसऱ्या बाईला जे ओळखते, ते आपल्याला माहितीपत्रकातून कळत नाही. व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, तेव्हा आपल्याकडचे रात्रीचे आठ म्हणजे तिथले साडेनऊ, एवढे लक्षात असू द्या.

आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगते, कारण ती सांगायला सर्वांना संकोच वाटतो. पाहुणचाराची भीड बाळगून काहीही सहन करायचे नाही. घरातल्या कोणाचे बोलणे, बघणे किंवा स्पर्श खटकला, तर ‘त्यांच्याकडे असेच असेल’ अशी समजूत करून घेऊ नका; त्याच रात्री बाहेर पडा, संस्थेच्या स्थानिक समन्वयकाला आणि घरी कळवा. व्हिएतनाममध्ये पोलिसांसाठी ११३ आणि रुग्णवाहिकेसाठी ११५ हे क्रमांक आहेत. भारताचा राजदूतावास हनोईत आहे आणि वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह शहरात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. पासपोर्ट दाखवावा लागेल, कारण परदेशी पाहुण्याची नोंद घरमालकाला स्थानिक पोलिसांकडे करावी लागते. पण दाखवून झाला की तो परत तुमच्याच पिशवीत आला पाहिजे.

व्हिसाविषयी थोडक्यात. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि एकदाच प्रवेशासाठी त्याचे शुल्क २५ डॉलर आहे, म्हणून अनेक संस्था ‘पर्यटक म्हणून या’ असे सहज सांगतात. पर्यटनाचा व्हिसा हा काम करण्याचा परवाना नसतो, आणि विनावेतन काम हेही पुष्कळ देशांच्या लेखी कामच असते. ब्रिटनचेच पाहा, पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथे फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. तुमच्या संस्थेने कोणता व्हिसा सुचवला आहे आणि त्यावर वर्गात शिकवणे कायदेशीर ठरते का, हेही लेखी घ्या. ‘विमानतळावर विचारले तर फिरायला आले म्हणून सांगायचे’ असे कोणी म्हणाले, तर तो कार्यक्रम तिथेच सोडून द्या.

कार्यक्रमात ऐनवेळी बदल होऊन शाळेऐवजी अनाथाश्रम पुढे केला गेला, तर त्यालाही नकार द्या. नेपाळ आणि कंबोडिया येथील अनुभव असा आहे, की अशा आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पैसे देणारे पाहुणे येत राहतात म्हणून मुले तिथे ठेवली जातात. दर सहा आठवड्यांनी नवी ताई येते, लळा लावते आणि फोटो काढून निघून जाते. ज्या मुलाने हे दहा वेळा पाहिले, त्याला अकराव्या ताईकडून काय मिळणार?

पैशांचे मी वडिलांच्या बाजूने पाहते. ठेव मोडायला ते तयार आहेत, असे तुम्ही लिहिले. ती ठेव कशासाठी ठेवली होती, हे लिहिले नाही. विचारले आहे का? भाऊ बारावीत आहे, म्हणजे जून-जुलैमध्ये त्याच्या प्रवेशाचे पैसे लागणार. त्याच दोन महिन्यांत कारखान्याला कापडाचे आणि कारागिरांचे पैसे लागणार. ‘हो’ म्हणणारा बाप नेहमी हिशोब करून हो म्हणतो असे नाही. मुलगी हिरमुसू नये म्हणूनही म्हणतो. म्हणून एका संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि सगळे आकडे मांडा. शुल्काच्या १,३५,००० रुपयांतले त्या कुटुंबाला किती मिळतात, शाळेला किती, संस्थेकडे किती राहतात, हे संस्थेला विचारा. उत्तर द्यायला तिने टाळाटाळ केली तर तेही एक उत्तरच समजा. पैसे भरल्याशिवाय स्वयंसेवक होता येत नाही, असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९७० साली सुरू झालेल्या स्वयंसेवक योजनेत निवड झालेल्यांना उलट निर्वाहभत्ता मिळतो आणि तिच्या युवा गटासाठी १८ ते २६ ही वयोमर्यादा आहे. निवड कठीण आहे, पण पदवीनंतर अर्ज करून पाहण्यासारखी आहे.

माझा सल्ला विचाराल तर यंदाच्या जूनमध्ये जाऊ नका. १५ दिवसांची घाई संस्थेची आहे, तुमची नाही. तिसरे वर्ष पूर्ण करा आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जा. तेव्हा तिथल्या शाळा खरोखर उघडलेल्या असतील, गणवेशाचा हंगाम सरलेला असेल, भावाचा प्रवेश मार्गी लागलेला असेल आणि कॉलेजचे पहिले आठवडेही बुडणार नाहीत. पासपोर्ट मात्र आताच काढून ठेवा. साध्या, ३६ पानांच्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि त्यासाठी कोणाची ठेव मोडावी लागत नाही.

मधल्या काळात एक काम करून पाहा. वडिलांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बायकांपैकी काही जणी शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या असतील, असा माझा अंदाज आहे. त्यांच्या चार-पाच मुलांना या एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी एक तास, उन्हे चढण्यापूर्वी, इंग्रजी शिकवा. तुम्हाला तेलुगू येत नाही, लहान मुलांना मराठी बेताचीच येते. म्हणजे परक्या भाषेच्या वर्गापुढे उभे राहिल्यावर नेमके काय होते, ते तुम्हाला सोलापुरातच, बिनखर्चात कळेल. पहिल्या आठवड्यात तुमच्याकडचे सर्व खेळ आणि गाणी संपतील. दुसऱ्या आठवड्यात दोन मुले यायची बंद होतील आणि ती का बंद झाली, हे तुम्हाला त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागेल. सहा आठवडे टिकलात, तर व्हिएतनामच्या अर्जात ‘मला शिकवायला आवडते’ याऐवजी तुम्हाला लिहिण्यासारखे पुष्कळ असेल. नाही टिकलात, तर पावणेदोन लाख वाचले.

तुमच्यासारखी पत्रे आणखीही येतात, कोणी नेपाळला निघालेले असते, कोणी जर्मनीला. देश बदलला तरी विचारायचे तेच: तिथली शाळा किंवा दवाखाना त्या तारखांना चालू आहे का, हे काम तिथल्या माणसाला पगार देऊन करवून घेता आले असते का, आणि यजमान कुटुंबाशी आधी बोलता येईल का.

जाल तेव्हा यजमानांसाठी शेंगा चटणीचे पाकीट न्या, पण तिखटाची सूचना आधी देऊन. चादर न्यायची इच्छा होईल. तिचे वजन आणि तिथला उकाडा पाहता टॉवेल बरा, तोही सोलापूरचाच आहे.

पहिले पत्र मात्र आजच पाठवा, जूनमधल्या शाळेचे. काय उत्तर आले ते मला अवश्य कळवा, कारण त्याची उत्सुकता मलाही लागून राहिली आहे.